मुंबईतल्या सरकारी मैदानावर कार्यक्रम घ्यायचाय? आधी जमीन कुणाची ते बघा

मंडळाची बैठक होते, तारीख ठरते, पाहुण्यांना फोन जातात, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिली जाते आणि मग कुणीतरी विचारतं, "परवानगी कुठून काढायची?" हा क्रम उलटा आहे. सरकारी मैदानावर परवानगी एक नसते, ती साखळी असते. साखळीची पहिली कडी पोलीस ठाण्यात नाही, मिळकत पत्रिकेत (जमीन कुणाच्या नावावर आहे हे दाखवणारा सरकारी उतारा) सापडते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू. एका मंडळाला दोन दिवसांचं दिवाळी अंक आणि फराळाचं प्रदर्शन भरवायचं आहे. १२० × ८० फुटांचा मंडप, वीस स्टॉल, संध्याकाळी गाणी आणि एक एकांकिका. मैदान महापालिकेचं.

जमीन आणि तिच्यावरचं आरक्षण

"सरकारी मैदान" हा बोलण्यातला शब्द झाला. कागदावर ते महापालिकेचं असेल, जिल्हाधिकाऱ्यांचं असेल, एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं असेल (वांद्रे-कुर्ला संकुलातली मैदानं), नाहीतर रेल्वे, बंदर किंवा संरक्षण खात्याचं. त्यासाठी मिळकत पत्रिका काढा. त्यासाठी भूखंडाचा भूमापन क्रमांक लागतो, शहर भागात त्याला सी.एस. क्रमांक म्हणतात आणि उपनगरात सी.टी.एस. क्रमांक. जिल्हाधिकारीही दोन आहेत: मुंबई शहराचं कार्यालय फोर्टात, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. कुर्ल्याच्या जागेचा अर्ज फोर्टात नेऊन दिला तर तो परत येईपर्यंत आठवडा जातो. महापालिकेचं मैदान असेल तर अर्ज त्या विभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करायचा. शिवाजी पार्क जी उत्तर विभागात येतं, आझाद मैदानाचा परिसर ए विभागात, ऑगस्ट क्रांती मैदान डी विभागात.

मालक कळला की विकास आराखड्याचा अभिप्राय काढा. भूखंड "खेळाचं मैदान" म्हणून आरक्षित आहे की "मनोरंजन मैदान" की "बाग", हे त्यातून कळतं आणि पुढचं बरंच त्यावर ठरतं. खेळाच्या मैदानावर खेळाखेरीज काही करायचं तर तो वापरातला तात्पुरता बदल ठरतो. अशा बदलाला मोजक्या दिवसांपुरती परवानगी देण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अ मध्ये आहे. दिवसांना वर्षाची मर्यादा असते. शिवाजी पार्कला बिगरखेळाच्या कार्यक्रमांसाठी वर्षाला ४५ दिवस आहेत आणि २६ जानेवारी, १ मे, ६ डिसेंबर यांसारखे दिवस त्यातूनच जातात. त्यामुळे "मैदान त्या दिवशी रिकामं आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "या वर्षीचे किती दिवस वापरून झाले?" हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मंडप उभारायला आणि काढायला लागणारे दिवसही धरायला सांगा. दोन दिवसांच्या प्रदर्शनाला मैदान प्रत्यक्षात चार-पाच दिवस अडकतं.

जमिनीच्या मालकाने हो म्हटलं की झालं, हा समज किती महाग पडतो ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरला दिसलं. वादळात पडलेलं होर्डिंग १२० × १२० फुटांचं होतं, तर महापालिकेची कमाल मर्यादा ४० × ४० फूट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, महापालिकेची परवानगी नाही, १७ माणसं गेली. मालकाची संमती म्हणजे फक्त जागा वापरू देण्याची तयारी. बांधकाम, वीज, आवाज, गर्दी यांचे कायदे त्या संमतीने सैल होत नाहीत.

चौपाटीवर यात सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम मिसळतात. गेटवे ऑफ इंडियासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात पुरातत्त्व खातं येतं. पहिलाच कार्यक्रम असेल तर या दोन्ही जागा टाळाव्यात, हे आमचं स्पष्ट मत.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा, पण त्यात आकडे असावेत. "सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मैदान मिळावे ही विनंती" एवढ्यावर कुणी सही करत नाही, कारण सही करणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय ते त्यातून कळत नाही. आमच्या उदाहरणातला मुख्य परिच्छेद असा हवा:

"दि. ___ व ___ रोजी सकाळी १० ते रात्री ९.३० या वेळेत दिवाळी अंक व खाद्यपदार्थ प्रदर्शन. मंडप १२० × ८० फूट, रंगमंच ३० × २० फूट, उंची ४ फूट. स्टॉल २०. एका वेळी जास्तीत जास्त ६०० व्यक्ती. मंडप उभारणी एक दिवस आधी सकाळी ८ पासून, मैदान पूर्ववत करून ताबा देणे समारोपाच्या दुसऱ्या दिवशी सायं. ६ पर्यंत. प्रवेश विनामूल्य. विद्युत पुरवठा तात्पुरत्या मीटरवरून, जनरेटर केवळ पर्यायी."

६०० हा आकडा हवेतून आलेला नाही. आझाद मैदानात आंदोलनासाठी राखीव भाग सुमारे ७,००० चौरस मीटर धरला जातो आणि त्याची क्षमता ५,००० माणसांची, म्हणजे माणशी १.४ चौरस मीटर. आपला मंडप ९,६०० चौरस फुटांचा, साधारण ८९० चौरस मीटर. त्याच हिशोबाने ६३५ माणसं. अर्जात "अंदाजे २,००० प्रेक्षक" लिहिलं की वजन वाढतं असं कार्यकर्त्यांना वाटतं. वाढतं ते बंदोबस्ताचं आणि अनामत रकमेचं.

सोबत मैदानाचा नकाशा जोडा. त्यात मंडप, रंगमंच, येण्या-जाण्याच्या वाटा, अग्निशमन गाडी आत येण्याचा मार्ग, जनरेटर, शौचालयं आणि स्वयंपाकाची जागा मापासह दाखवा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्यांचा ठराव, जबाबदार व्यक्तीचं ओळखपत्र. अर्जाची प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन केला असेल तर पोचपावती छापून ठेवा.

आवक क्रमांकाची किंमत २०२२ च्या दसरा मेळाव्याच्या वादात सगळ्यांनी पाहिली. शिवाजी पार्कसाठी शिवसेनेच्या दोन गटांचे अर्ज होते, महापालिकेने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन दोघांनाही नकार दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २३ सप्टेंबरला न्यायालयाने उद्धव ठाकरे यांच्या बाजूला परवानगी दिली. अर्ज ऑगस्टमध्येच दिलेला होता, नकार मात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात आला. अर्जाची तारीख आणि आधीच्या वर्षांच्या परवानग्या हातात होत्या म्हणून ती बाजू मांडता आली. मंडळाने मागच्या सगळ्या वर्षांची परवानगीपत्रं एका फायलीत ठेवलीच पाहिजेत. ती फाईल दरवर्षी नव्या सचिवाच्या घरी जाऊन हरवते, हे वेगळं.

किती आधी? साध्या प्रदर्शनाला ४५ दिवस, मोठ्या कार्यक्रमाला तीन महिने. कायद्यात हा आकडा शोधू नका, तो खात्याखात्यांतून फाईल फिरण्याच्या वेगावरून काढलेला आहे.

पोलीस

जागेची तत्त्वतः मंजुरी हातात आली की स्थानिक पोलीस ठाणं. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज जातो, तिथून सहायक आयुक्त आणि परिमंडळाचे उपायुक्त. वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्र वेगळं. ध्वनिक्षेपकाचा परवानाही वेगळा आणि तो तारीख-वेळेपुरताच असतो. कार्यक्रम तासाभराने लांबला तर परवाना आपोआप लांबत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम ३७ नीट समजून घ्या. मुंबईत या कलमाखालचे आदेश वारंवार निघतात. पोटकलम (१) खाली शस्त्रं, तलवारी, भाले, सोटे, काठ्या बाळगायला बंदी घालता येते. पोटकलम (३) खाली जमावाला आणि मिरवणुकीला. वाचताना हे दंगेखोरांसाठी आहे असं वाटतं, पण अडकतो तो मर्दानी खेळांचा आखाडा. दांडपट्टा, तलवार, लाठीकाठीचं प्रात्यक्षिक कार्यक्रमात असेल तर ते अर्जात ठळक लिहा, साहित्याची संख्या द्या आणि त्याची परवानगी नावानिशी मागा. "सांस्कृतिक कार्यक्रम" या दोन शब्दांत दांडपट्टा मावत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे आदेश (पूर्वीचं १४४) निराळे. ड्रोन, फुगे, पॅराग्लायडर यांच्यावरची बंदी बहुधा यातूनच येते. वरून चित्रीकरण करून देतो म्हणणाऱ्या छायाचित्रकाराला आधी परवानगीचा कागद विचारा. आदेश मोडला तर गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली नोंदवला जातो आणि तो अर्जावर सही करणाऱ्याच्या नावावर.

सभा किंवा आंदोलन असेल तर वाट निराळी. दक्षिण मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे आंदोलनं आझाद मैदानाच्या राखीव भागापुरती आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या मोठ्या आंदोलनाला दिलेल्या परवानगीत एक दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, जास्तीत जास्त ५,००० माणसं अशा अटी होत्या. अटी ओलांडल्या गेल्यावर न्यायालयाने मैदान आणि रस्ते रिकामे करायला सांगितलं. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे, त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही तिथेच आहे. सार्वजनिक जागेवरची सभा नाकारण्याचा मोकाट अधिकार पोलिसांना देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शहा प्रकरणात १९७२ सालीच सांगितलं. तो निकाल याच पोलीस कायद्याखालच्या एका नियमावरचा आहे. म्हणून नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही.

आवाज: इथेच सगळे चुकतात

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५०. रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६, अनुक्रमे ४५, ५५ आणि ४०. मैदानासाठी महत्त्वाचा नियम मात्र हद्दीवरचा आहे: ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. निवासी भागात म्हणजे कुंपणाशी ६५.

आता हे ६५ साउंडवाल्याच्या भाषेत आणू. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर ९५ डेसिबल असेल तर २ मीटरवर ८९, ४ वर ८३, ८ वर ७७, १६ वर ७१, ३२ मीटरवर ६५. म्हणजे कुंपण ३२ मीटरवर असेल तर तोंडाशी ९५ च्या वर जायला वाव नाही. लग्नात वाजणारी स्पीकरची भिंत यापेक्षा कितीतरी जास्त ओकते. उपाय सोपा आहे आणि साउंडवाल्याला तो आवडत नाही: दोन मोठ्या भिंतींऐवजी मंडपात सहा-आठ लहान स्पीकर, तोंडं खाली आणि आत, रंगमंच इमारतींकडे पाठ करून. करारात "हद्दीवर ६५ डेसिबल" लिहून घ्या. चाचणी दुपारी न घेता कार्यक्रमाच्याच वेळी, आदल्या संध्याकाळी घ्या, चारही कोपऱ्यांवर. मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका, मीटर भाड्याने मिळतो.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून १५ दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, ते दिवस सरकारी आदेशाने आधी जाहीर होतात. आपला दिवस त्या यादीत आहे का ते पाहा, "दिवाळी आहे ना" म्हणून गृहीत धरू नका. अर्जात समारोप ९.३० लिहिलाय तो यासाठीच. आभारप्रदर्शनाला अर्धा तास लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या जाहीर शांतता क्षेत्रात ध्वनिक्षेपकाचा विचारच सोडून द्या. शिवाजी पार्क २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र झालं, आणि ४५ दिवसांचा हिशोब इतका काटेकोर आहे तो त्यामुळे.

मंडप, आग, वीज

मंडपासाठी अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र आणि वीज जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तात्पुरतं मीटर शहरात बेस्टकडे मागायचं, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. थेट विजेच्या तारेखाली मंडप नको. कृत्रिम धाग्याचं कापड नको, ते पेटताना थेंब थेंब गळतं. वायरचे जोड टेपने गुंडाळून गवतात सोडले की पहिल्या पावसाला धक्का बसतो. दिवाळीत पाऊस येत नाही असं मुंबईत कुणी म्हणू नये. प्रत्येक वितरण फळ्यावर ३० मिलीअँपिअरचं गळती-विद्युत कटआउट लावून घ्या.

रंगमंचाखालची पोकळी रिकामी ठेवा. रिकामे खोके, पडदे, जादा वायरी, खुर्च्या सगळं तिथेच ढकललं जातं, कारण समोरून झालर लावलेली असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गिरगाव चौपाटीवर सरकारी सोहळ्याचा भव्य रंगमंच बघता बघता पेटला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पाहणीला येणारा अग्निशमन अधिकारी झालर उचलून पाहतोच.

फराळाचे स्टॉल म्हणजे गॅस. स्फोटकं खात्याच्या परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर पाच झाले की ९५ किलो, सहावा आला की ११४. वीस स्टॉलवाले आपापला सिलिंडर घेऊन येणार असतील तर हे गणित पहिल्याच तासात मोडतं. म्हणून तळण बाहेर करून आणायचं, मंडपात फक्त विक्री. प्रत्येक स्टॉलवाल्याकडून अन्न नोंदणीची प्रत घ्या.

एकांकिका, गाणी, तिकीट

एकांकिकेच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. हौशी मंडळी हे हमखास विसरतात आणि पोलीस ठाण्यात त्याचीच प्रत मागितली जाते. लेखकाची परवानगी वेगळी. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर हक्कधारक संस्थांचे परवाने घ्या. धार्मिक विधी आणि सरकारी समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण फराळाचं प्रदर्शन त्यात बसत नाही. तिकीट लावलं तर करमणुकीच्या जागेचा आणि प्रयोगाचा परवाना आला. करमणूक कर २०१७ पासून जीएसटीत गेला आहे. पहिल्या वर्षी प्रवेश विनामूल्य ठेवा, अर्धी डोकेदुखी वाचते.

फलक, कमानी, झेंडे

मैदानाच्या आतले फलक जागेच्या परवानगीत लिहून घेता येतात. बाहेर रस्त्यावर लागणाऱ्या प्रत्येक फलकाला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८ आणि ३२८ अ खाली महापालिकेची परवानगी हवी. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकाच्या कोपऱ्यात छापा. "जाहीर आभार"चा फलक परवानगीच्या यादीत कधीच नसतो आणि नेमका तोच जप्त होतो. सार्वजनिक भिंती, खांब, पूल रंगवले किंवा चिकटवले तर महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ लागतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फ्लेक्सवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा कापडी फलकच करा. झाडाला खिळा नको, दिव्यांच्या माळाही नकोत.

तिरंगा लावणार असाल तर लांबी-उंचीचं प्रमाण ३:२. २०२२ च्या बदलानंतर तो उघड्यावर रात्रीही फडकत ठेवता येतो. पण रंगमंचाची झालर, टेबलावरचं कापड किंवा कोनशिलेवरचा पडदा म्हणून तो वापरायचा नाही.

कार्यक्रमाचे दिवस आणि नंतर

शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर घनकचरा नियमांप्रमाणे महापालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यायचा. सावली आणि पाणी हा विषय १६ एप्रिल २०२३ नंतर कुणाला समजावून सांगायला नको. खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. मार्च ते जून दुपारी १२ ते ५ उघड्यावर माणसं बसवू नका, बस्स.

मूळ परवानग्यांचा एक संच प्रवेशद्वारावरच्या टेबलावर ठेवा, दुसरा रंगमंचामागे, आणि त्यावर सही करणारा माणूस दोन्ही दिवस मैदानात हजर हवा. रात्री पावणेदहाला पोलीस आले तर कागद दाखवायला कोषाध्यक्षांना घरून बोलवायची वेळ येऊ नये.

ताबा घेताना मैदानाची छायाचित्रं तारखेसह काढा. विशेषतः क्रिकेटच्या खेळपट्ट्या, कुंपण, पाण्याचे नळ. मंडपाच्या खांबांचे खड्डे नंतर माती ओतून सोडले तर पहिल्या सरीला खचतात. थोडी माती, पाणी, धुम्मस, पुन्हा माती, असे तीन थर द्या. खिळे आणि तारेचे तुकडे वेचायला चुंबकाची पट्टी फिरवा, दुसऱ्या दिवशी पहाटे मुलं तिथे अनवाणी कबड्डी खेळतात. मग विभाग कार्यालयाच्या माणसाला बोलावून संयुक्त पाहणी करा, त्याची सही घ्या आणि अनामत परताव्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. सोबत मूळ पावती, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि पाहणीचा कागद. आणि हो, या अर्जावरही आवक क्रमांक घ्या.